क्षयरुग्णाची घरीच शुश्रूषा

घरात कोणास क्षय झाल्याचे निदान झाले, की खेड्यातील कुटुंबात पहिला विचार येतो तो रुग्णास दूर ठेवण्याचा. सून आजारी असेल तर तिला माहेरी धाडण्यात येते. वडीलधारे माणूस असेल तर त्याची खाट गोठ्यालगतच्या अंधाऱ्या खोलीत जाते. या दोन्ही गोष्टी रुग्णाच्या हिताच्या नाहीत आणि कुटुंबाच्याही नाहीत.

या प्रश्नाची रीतसर परीक्षा मद्रास येथे १९५६ साली सुरू झाली. १९३ गरीब रुग्णांपैकी निम्म्यांना आरोग्यधामात व उरलेल्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत ठेवून वर्षभर तीच औषधे देण्यात आली. आरोग्यधामात विश्रांती होती, सकस आहार होता. घरी यांपैकी फारसे काही नव्हते. तथापि गुण जवळजवळ सारखाच आला, असे १९५९ साली प्रसिद्ध झाले. घरी उपचार झाल्यामुळे घरच्या माणसांस रोग लागण्याचे प्रमाणही वाढल्याचे आढळले नाही.

यास्तव शुश्रूषेत पहिले स्थान औषधाचे. सामान्य क्षयावर सहा महिने रोज गोळ्या घ्यावयाच्या असतात. त्या सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. खरा धोका दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात असतो. ताप गेलेला असतो, खोकला कमी होतो, भूक लागते आणि त्यातच पेरणी अथवा सुगी आलेली असते. रुग्ण म्हणतो, "आता मी बरा आहे," आणि शेतावर जातो. गोळ्या मात्र घरी राहतात. फुप्फुसात उरलेले जंतू अशा वेळी औषधास दाद न देणारे बनू शकतात, व मग उपचार अधिक अवघड होतो. म्हणून घरातील एका माणसाने गोळ्या रोज आपल्या डोळ्यांदेखत द्याव्यात व दिनदर्शिकेवर खूण करावी. या औषधांनी लघवीस नारिंगी रंग येतो; ते रक्त नव्हे. डोळे पिवळे झाले, वारंवार उलट्या होऊ लागल्या किंवा दृष्टी अंधुक झाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

रोग पसरतो तो खोकल्यावाटे, हवेतून. ताट-वाटी वेगळी करण्याचा आग्रह घरोघर दिसतो; त्याने जंतू अडत नाहीत, माणूस मात्र दुखावतो. त्यापेक्षा रुग्णाची खाट वारा खेळणाऱ्या पडवीत अथवा उघड्या खिडकीजवळ, चुलीच्या धुरापासून दूर ठेवावी. खोकताना तोंडावर कापड धरावे. थुंकी अंगणात न टाकता झाकणाच्या डब्यात, फिनेल घालून साठवावी व नंतर खोल पुरावी. उपचाराचे पहिले काही आठवडे लहान मुलांस रुग्णाजवळ निजवू नये. घरातील सर्वांची तपासणी करून घ्यावी. पाच वर्षांखालील मुलांस प्रतिबंधक औषध देण्याविषयी डॉक्टरांस अवश्य विचारावे.

आहाराचा प्रश्न शेतकऱ्याच्या घरी खरे तर सुटलेला असावयास हवा. परंतु दूध डेअरीत जाते, अंडी बाजारात जातात आणि रुग्णाच्या वाट्यास भाकरी-चटणी येते. झारखंडात झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या कुटुंबीयांस दरमहा जादा तांदूळ व डाळ पुरविली, तेव्हा त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांच्यात मृत्यूही कमी आढळले. तेव्हा भूक मंद असेल तर थोडे थोडे, पण अनेक वेळा द्यावे: वरण, मोडाची उसळ, शेंगदाणे, अंडे, उकळलेले दूध. दर पंधरवड्यास वजन करावे. नोव्हेंबर २०२४ पासून शासन पोषणासाठी दरमहा १,००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा करते. पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती. ती आहारावरच खर्च व्हावी. विडी, तंबाखू व दारू बंद करावी.

धाप लागल्यास रुग्णास आडवे करू नये. पाठीशी उशा अगर गुंडाळलेली गोधडी देऊन बसते करावे. खोकल्यातून रक्त पडल्यास त्यास टेकून बसवावे, बोलू देऊ नये व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाहन येईपर्यंत एकाच माणसाने जवळ बसावे, गर्दी करू नये, आणि रक्त चमचाभर पडले की वाटीभर, हे ध्यानात ठेवून डॉक्टरांस सांगावे.