टायर चोरणारा मुलगा रॉबिन कसा झाला?

मुलांच्या वह्या तपासताना आम्ही शेवटचं पान आवर्जून बघतो. साताऱ्यात नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. नववीतल्या एका मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर बॉलपेनने काढलेलं चित्र होतं. काळा झगा घातलेला बॅटमॅन, आणि त्याच्या शेजारी डोळ्यांवर मुखवटा लावलेला एक पोरगा. चित्र छान होतं. आम्ही विचारलं, हा छोटा कोण? मुलगा म्हणाला, "सर, ये रॉबिन है. पैले चोर था."

हा मुलगा शाळेत बदनाम होता. मारामाऱ्या, दांड्या, आणि प्रयोगशाळेतली एखादी वस्तू गायब झाली की पहिला संशय त्याच्यावर. अब्बा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. अम्मी घरी शिलाईकाम करायची. आम्ही त्याला "अभ्यासात लक्ष दे" म्हणालो आणि वही परत दिली. रॉबिन चोर कसा, हे विचारलं नाही. ती गोष्ट आम्ही पुष्कळ वर्षांनी वाचली, आणि वाचताना तो मुलगा आठवत राहिला. आपल्या घरातली, मोहल्ल्यातली मुलं ज्या वयात हाताबाहेर जातायत असं आपल्याला वाटतं, त्या वयाबद्दल ही गोष्ट बरंच सांगते. म्हणून हा लेख.

साइडकिक म्हणजे कोण?

इंग्रजी कॉमिक्समध्ये सुपरहिरोच्या सोबत जो लहान साथीदार असतो त्याला साइडकिक म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर उस्तादाच्या हाताखालचा शागीर्द. बॅटमॅन १९३९ मध्ये आला आणि १९४० मध्ये त्याला रॉबिन हा साथीदार मिळाला. बॅटमॅन एकटा होता, त्याला मनातलं बोलायला कुणी नव्हतं. शिवाय वाचणारी मुलं रॉबिनमध्ये स्वतःला बघतील, असाही हिशोब होता. हिशोब बरोबर ठरला, खप वाढला.

हा पहिला रॉबिन सर्कशीतला गुणी मुलगा होता. आईबाप झुल्यावरून पडून मेले, बॅटमॅनने त्याला घरी आणलं. तो मोठा होऊन स्वतंत्र झाला, तेव्हा दुसरा रॉबिन आला. त्याचं नाव जेसन टॉड. आमच्या विद्यार्थ्याने चित्र काढलं होतं ते याचंच.

गाडीची चाकं काढणारा पोरगा

जेसनची जी कहाणी आज सगळे ओळखतात ती १९८७ मध्ये लिहिली गेली. बॅटमॅन एका बदनाम गल्लीत गाडी उभी करून जातो. परत येऊन बघतो तर गाडीची चाकं गायब. ज्या गाडीला शहरातले गुंड घाबरतात, तिची चाकं एका पोराने काढून नेलेली! बाप गुन्हेगारीत गेलेला, आई वारलेली. पोरगा एका पडक्या इमारतीत एकटाच राहतो आणि चाकं विकून पोट भरतो.

बॅटमॅन त्याला पोलिसांच्या ताब्यात देत नाही. वाया गेलेल्या मुलांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका शाळेत घालतो. इथे गोष्टीला जे वळण मिळतं ते शिक्षक म्हणून आम्हाला टोचलं. ती शाळा चालवणारी बाईच मुलांना चोरीचे धडे देत असते. बाहेरच्या जगाला वाटतं मुलगा सुधारतोय, आणि आत त्याला पक्का गुन्हेगार बनवायचं काम चाललेलं असतं. हे जेसनच्या लक्षात येतं आणि तो त्या टोळीच्या विरोधात उभा राहतो. तेव्हा कुठे बॅटमॅन त्याला आपल्यासोबत घेतो.

म्हणजे जेसनला रॉबिन करायला ना उपदेश कामी आला ना शिक्षा. एका मोठ्या माणसाने त्याला आपल्या कामात हिस्सा दिला, एवढंच झालं.

पण राग एका दिवसात जात नाही. जेसन चिडका होता, सांगितलेलं ऐकायचा नाही. १९८८ च्या एका अंकात एक गुन्हेगार उंचावरून पडून मरतो. जेसनने ढकललं की तो स्वतः पडला, हे लेखकाने शेवटपर्यंत उघड केलं नाही. पुष्कळ वाचकांना हा रॉबिन आवडेनासा झाला. पहिला रॉबिन कसा शिस्तीचा होता, अशी तुलना सुरू झाली. घराघरात "तुझा मोठा भाऊ बघ" म्हणतात ना, तशीच.

बहात्तर मतं

मग प्रकाशकांनी एक अजब गोष्ट केली. सप्टेंबर १९८८ मध्ये जेसनला स्फोटात अडकवून अंक संपवला आणि मागच्या पानावर दोन फोन नंबर छापले. जेसन वाचावा असं वाटत असेल तर एक नंबर, मरावा असं वाटत असेल तर दुसरा. एका फोनचे पन्नास सेंट. दीड दिवस फोन चालू होते.

निकाल लागला. वाचवा म्हणणारे ५,२७१. मारा म्हणणारे ५,३४३. फरक फक्त ७२ मतांचा. पुढच्या अंकात बॅटमॅन मेलेल्या मुलाला हातांवर घेऊन उभा दिसतो.

त्या कथेत जेसन घरातून का निघतो हेही सांगायला हवं. त्याला कळतं की जिला आपण आई समजत होतो ती आपली जन्मदात्री नव्हती. खऱ्या आईला शोधत तो जातो, ती सापडते, आणि तीच त्याला दुश्मनाच्या हाती देते. मुलगा आईच्या शोधात होता, आणि लोक फोनवर त्याचा फैसला करत होते.

ही सगळी कागदावरची गोष्ट आहे, हे आम्हालाही कळतं. पण आमच्या शाळेत त्या मुलाचंही असंच झालं. एका मारामारीनंतर स्टाफरूममध्ये बैठक बसली. दाखला देऊन मोकळं व्हायचं का, असा प्रश्न आला. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा. आमचाही हात वर गेला. कुणी मुलाला आत बोलावलं नाही, अम्मीला तर निकाल झाल्यावर कळवलं. ती बुरख्याच्या टोकाने डोळे पुसत म्हणाली, "एक मौका देते तो..." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीला ते संरक्षण संपतं. आणि मुलं बिथरतात ती नेमकी नववी-दहावीलाच. तेव्हा "दाखला काढून घ्या" असं कुणी तोंडी म्हटलं, तर घाबरून अर्जावर सही करू नका. कारण लेखी मागा, मुख्याध्यापकांना भेटा, सोबत घरातलं किंवा जमातीतलं जबाबदार माणूस न्या, मुलासाठी मुदत मागा.

पॅरिसचा बिलाल

बॅटमॅनच्या साथीदारांमध्ये पुढे एक मुसलमान मुलगाही आला. २०१० च्या अखेरीस काइल हिगिन्स या लेखकाने नाइटरनर नावाचं पात्र आणलं. त्याचं खरं नाव बिलाल असेला. मूळचा अल्जेरियन घराचा, पॅरिसजवळच्या क्लिशी-सू-बुआ या वस्तीत आईने एकटीने वाढवलेला.

ही वस्ती खरी आहे. २७ ऑक्टोबर २००५ रोजी तिथे १५ आणि १७ वर्षांची दोन मुलं पोलिसांपासून लपायला विजेच्या उपकेंद्रात शिरली आणि शॉक लागून मेली. तिसरा मुलगा भाजून वाचला. त्यानंतर फ्रान्सभर जवळपास तीन आठवडे जाळपोळ चालली, सरकारला आणीबाणी लावावी लागली.

बिलालची गोष्ट याच वातावरणातली. सोळा वर्षांचा असताना तो आणि त्याचा जिवलग दोस्त आरिफ दंगलीत सापडतात. दोघांचा दोष नसताना पोलिसांचा मार खातात. आरिफच्या मनात ती आग राहते. तो एक दिवस पोलीस ठाणं पेटवतो आणि जीव गमावतो. बिलाल भिंती, गच्च्या, कठडे ओलांडत धावायला शिकतो. पार्कूर म्हणतात त्याला, पॅरिसच्या उपनगरांतच वाढलेला हा खेळ. पुढे बॅटमॅन त्याला पॅरिसची जबाबदारी देतो. एका मुसलमानाला फ्रान्सचा रक्षक का केलं म्हणून अमेरिकेत काही लोकांनी तेव्हा आरडाओरडही केली होती.

बिलाल आणि आरिफ एकाच गल्लीतले, एकाच दिवशी मार खाल्लेले. आपल्याकडेही असे दिवस येऊन गेलेत. २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या एका कमानीवरून मिरज-सांगली पेटली. सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या पोस्टवरून हिंसा झाली, मशिदीवर हल्ला झाला, एका तरुणाचा जीव गेला. अशा रात्रीनंतर सोळा वर्षांचा मुलगा घरात गप्प बसून मोबाइल बघत असतो. आपण म्हणतो, "तू यात पडू नको." बरोबरच आहे. पण यात पडू नको, तर मग कशात पडू, हेही कुणीतरी सांगायला हवं. आरिफला ते सांगणारं कुणी भेटलं नाही.

आपला बहादूर

असा नायक आपल्या मुंबईतही घडला. मराठीतही निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ आपल्या पिढीने वाचलाय. त्याच इंद्रजालमध्ये १९७६ साली बहादूर आला. केशरी कुर्ता आणि जीन्स घालणारा हा नायक डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेलेला, मनात सूड. पण तो सूड सोडतो आणि गावकऱ्यांना सोबत घेऊन नागरिक सुरक्षा दल उभं करतो.

हा बहादूर लिहिणारे आबिद सुरती. १९३५ चा जन्म, लहानपण मुंबईच्या डोंगरीत गरिबीत गेलं. पुढे लेखक, चित्रकार, व्यंगचित्रकार म्हणून नाव झालं. आणि २००७ पासून मीरा रोडला दर रविवारी प्लंबर सोबत घेऊन लोकांच्या घरचे गळके नळ फुकट दुरुस्त करून देऊ लागले. डाकूच्या मुलाला नायक करणाऱ्या माणसाला छोट्या कामाची किंमत कळलेली होती, असं आम्हाला वाटतं.

मग आपण काय करायचं?

आमच्या मते या तिन्ही गोष्टींतून पालकांनी घ्यायचं ते असं.

पहिलं, मुलाच्या हातात खरं काम द्या. मिरजेत एके काळी तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे करायला घेतले. फरीदसाहेब सतारमेकरांपासून ही परंपरा सांगतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे नवीन पोराला पहिल्या दिवशी सूर लावायला कुणी बसवत नाही, आधी भोपळा आणि लाकूड घासायला देतात. पण ते काम खरं असतं, त्यात चूक झाली तर वाद्य बिघडतं. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातिधर्मांची मुलं एका वसतिगृहात ठेवली आणि कमवा आणि शिका म्हणाले, त्यातही हीच समज होती. काम म्हणजे शिक्षण सोडणं नव्हे. रविवारी अब्बांच्या दुकानाचा हिशोब, जमातीच्या कार्यक्रमाची व्यवस्था, धाकट्यांची शिकवणी, काहीही चालेल. जबाबदारी मात्र खरी हवी.

दुसरं, बापाशी मुलगा बोलत नसेल तर मामू, चाचा, उस्ताद, खेळाचे सर, असं एक माणूस शोधा जे त्याच्याशी दर आठवड्याला बोलेल. चूक झाल्यावर तर नक्की बोलेल. जेसनचा राग बॅटमॅनला दिसत होता, पण त्या रागाशी बोलायला त्याला वेळ झाला नाही.

तिसरं, मुलाबद्दल दहा जण बसून निर्णय घेणार असतील तर अकरावा तो मुलगा असू द्या. त्याचं ऐका, मग ठरवा. घरी मारहाण, नशा, घर सोडून जाण्याची भाषा, असं काही असेल तर १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. तिथे मूल स्वतः फोन करू शकतं.

मागच्या वर्षी आम्ही सांगलीहून साताऱ्याला गेलो होतो, नातेवाइकाची गाडी वाटेत बिघडली. गॅरेजमधला तरुण पुढे आला, ब्रेक बघितला आणि म्हणाला, "सर, पैचाने क्या?" तोच मुलगा. दाखला मिळाल्यावर इथल्या उस्तादांनी त्याला ठेवून घेतलं. पहिल्या वर्षी दोनदा पळून गेला, दोन्ही वेळा उस्ताद घरी जाऊन घेऊन आले. आता दुकानाची चावी त्याच्याकडे असते. आम्ही त्या बैठकीबद्दल बोलायला गेलो, तर तो म्हणाला, "जाने दो सर." पैसेही घेतले नाहीत.

तेवढ्यात पाठीवर दप्तर घेतलेलं एक पोरगं आलं आणि पाना उचलायला लागलं. त्याने त्याच्या हातातून पाना काढून घेतला. "पैले क्लास को जा," म्हणाला, "फिर आ. मैं हूँ इधरच."