नाणे नव्हे, बिल्ला!

गेल्या आषाढात आमच्या परसातले तुळशीवृंदावन हलवायचे ठरले. न्हाणीघराच्या सांडपाण्याची नवी नळी नेमकी त्याच्या खालून न्यायची होती. गवंड्याने जुना चौथरा फोडला आणि हातभर खोल गेल्यावर कुदळीला काहीतरी 'टण्' करून लागले. मातीने माखलेली, रुपयापेक्षा बरीच मोठी गोल चकती! "वहिनी, मोहोर घावली बघा!" गवंडी ओरडला आणि पाच मिनिटांत अर्धी गल्ली आमच्या परसात.

मैत्रिणींनो, मी काय केले असेल? तुम्ही केले असते तेच. धावत स्वयंपाकघरात गेले, चिंचेचा कोळ आणि मीठ आणले आणि काथ्याने घासायला बसले. पितळेचा पिवळा रंग वर आला खरा, पण कडेची आधीच झिजलेली अक्षरे आणखी पुसट झाली. तेवढ्यात शेजारच्या आक्का कुंपणापाशी आल्या. वय ऐंशीच्या पुढे, उमेदीची सगळी वर्षे गिरणीच्या रिळिंग खात्यात गेलेली. चकती हातात घेऊन त्या हसल्या. "नाणं कुठलं आलंय गं! बिल्ला हाय की ह्यो, गिरणीचा. आणि घासतीस कशाला? हाय तेवढंबी जाईल!"

आपले सोलापूर गिरण्यांचे गाव. १८७४ साली 'शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी' निघाली, तीच आपली जुनी मिल. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि गाव भोंग्यावर चालू लागले. आज ते भोंगे बंद झाले आहेत, पण त्यांच्या खुणा अजून घराघरांतून निघतात. आक्का सांगतात, बिल्ल्यावर नंबर असायचा. दारावर तो दाखवायचा, पगाराच्या खिडकीवर तोच पुकारायचा. "नाव कोण इचारतंय? नंबर सांगायचा!"

ओळखायचे कसे?

तुमच्या परसात, माळ्यावर किंवा सासूबाईंच्या जुन्या डब्यात अशी चकती सापडली तर आधी हे करा.

चिंच, लिंबू, राख, पितळ घासायची पावडर काहीही लावू नका. कोमट पाण्यात थोडा रिठा घालून त्यात चकती भिजवा, मऊ ब्रशने माती काढा आणि सुती कापडाने कोरडी करा. अक्षरे दिसत नसतील तर अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा उजेड आडवा पाडा. पातळ कागद वर ठेवून पेन्सिल हलक्या हाताने फिरवली तरी ठसा उमटतो. आमची अर्धी अक्षरे अशीच मिळाली.

नाण्यावर बहुधा राज्यकर्त्याचे नाव किंवा चिन्ह आणि किंमत असते. बिल्ल्यावर असतो नंबर, आणि तो बहुतेक वेळा हाताने ठोकलेला, म्हणून आकडे थोडे वाकडेतिकडे. दोरा ओवायला कडेला भोक असते. पण नुसत्या भोकावर जाऊ नका. १९४३ ते १९४७ या काळात सरकारनेच मधोमध भोक असलेला पैसा काढला होता. इंग्रजीत गावाचे नाव असेल तर तेही नीट पाहा. जुन्या लिखाणात ते 'सो' नव्हे तर 'शो'ने सुरू होते.

विलायतेत हौशी लोक धातू शोधायचे यंत्र घेऊन शेतेच्या शेते पालथी घालतात. त्यांना तिथल्या जुन्या दुकानदारांची टोकने सापडतात. तिकडे सुट्ट्या पैशांची टंचाई पडली तेव्हा, १६४८ ते १६७२ या काळात, वाणी, खानावळवाले, कापडवाले स्वतःचीच टोकने काढत. त्यांवर पुष्कळदा तीन अक्षरे असत: वर आडनावाचे, खाली एक नवऱ्याच्या नावाचे आणि एक बायकोच्या! दुकान दोघांचे, तर टोकनही दोघांचे.

मोहात पडू नका

आपल्याकडे मात्र यंत्र घेऊन कुठेही उकरता येत नाही. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवानगीवाचून खोदणे हा गुन्हा आहे. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर कलेक्टरांना लेखी कळवावे लागते.

आणि फसवणूक! राम-सीतेचे चित्र आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेली '१८१८ सालची' नाणी लाखो रुपयांना जातात, अशी आवई अधूनमधून उठते. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नव्हती. जुनी नाणी विकून देतो, आधी कमिशन भरा, असे रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी सांगितले तर एक पैसाही देऊ नका. बँक असला व्यवहार करत नाही, असे तिने २०२१ साली जाहीरच केले आहे. खरी माहिती हवी असेल तर नाणकशास्त्राच्या अभ्यासकाला विचारा. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली अशी संशोधन संस्था आहे.

नंबर कुणाचा?

आमच्या बिल्ल्यावरचा नंबर निघाला ७४२. आजेसासरे गिरणीत होते हे घरात सगळ्यांना ठाऊक. "आजोबांचाच असणार," हे म्हणाले. त्यांच्या फोटोखाली बिल्ला चौकटीत लावायचेही ठरले. मी म्हटले, आधी ताळा तर पाहू. सासूबाईंनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावली. आजोबांच्या पगाराच्या चिठ्ठ्या सापडल्या, पण नंबर वेगळाच. तळाशी लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात आणखी दोन चिठ्ठ्या होत्या. खाते वाइंडिंग, नंबर ७४२, आणि नाव आजेसासूबाईंचे.

आम्ही सगळे गप्प. सासूबाईच हळूच म्हणाल्या, "त्या नऊ वर्षं जात होत्या गिरणीत. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच सोडली. वन्संच्या वेळी 'मुलीची आई गिरणीत जाते' म्हणून ठरलेलं स्थळ मोडलं होतं ना! तेव्हापासून घरात तो विषय काढायचा नाही, असंच झालं. मला मात्र एकदा म्हणाल्या होत्या, बिल्ला हरवला, पगारातून पैसे कापले आणि दोन दिवस सगळं घर शोधलं."

सगळे घर शोधले, पण तो रोज पाणी घालायच्या तुळशीत असेल हे त्यांच्या मनातही आले नसेल. कदाचित पहाटेच्या पाळीला निघताना, घाईघाईने तुळशीला पाणी घालताना, पदराच्या गाठीतून सुटला असेल.

चौकट केली, पण आजोबांच्या फोटोखाली लावली नाही. आजेसासूबाईंचा वेगळा फोटो घरात नव्हताच. लग्नातल्या एका फोटोतून त्यांचा चेहरा मोठा करून घेतला. खाली बिल्ला लावला, आणि बिल्ल्याखाली माझ्या मुलीने सुवाच्य अक्षरात त्यांचे पूर्ण नाव लिहिले.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्याकडे असा बिल्ला असेल तर घासू नका आणि मोडीतही घालू नका. पेटीतल्या कागदांशी नंबर ताडून पाहा. आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईला आजच विचारा. पेटीतले कागद उद्याही असतील, सांगणारे माणूस असेलच असे नाही.