लग्नाचे तीन हजार फोटो मोबाइलवर कसे निवडाल आणि एडिट कराल?

लग्न दोन दिवसांचं, फोटो तीन हजार. हे आता घरोघरी झालंय. हळदीला प्रत्येक भावंडाच्या हातात फोन, मंगलाष्टकांना अर्धा मांडव फोन वर धरून उभा, आणि वरातीचे तर व्हिडिओच जास्त. मग सगळे म्हणतात, "तुला मोबाइलमधलं कळतं ना, तूच बघ." पुढे सहा महिने ते फोटो तसेच पडून राहतात, कारण उघडले की पहिल्या पन्नासातच दम लागतो.

माझ्या मावसबहिणीच्या लग्नानंतर हे काम माझ्याकडे आलं. सहा फोन मिळून २,८०० च्या आसपास फोटो होते. ते मी तीन-चार बैठकांत संपवले. ते जमलं ते एका नियमामुळे: निवडताना एडिट करायचं नाही आणि एडिट करताना निवडायचं नाही. वेळ खरं तर इथेच जातो. एक फोटो आवडला की आपण लगेच क्रॉप करतो, मग ब्राइटनेस, मग फिल्टर, आणि दहा मिनिटांनी लक्षात येतं की पुढचाच फोटो याच्यापेक्षा चांगला आहे.

आधी गोळा करा, मग कॉपी काढा

फोटो गोळा करताना "व्हॉट्सअ‍ॅपवर टाक" असं कुणालाही सांगू नका. साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो लहान करतं आणि फोटो कधी काढला ही माहितीही त्यातून जाते. मग हळदीचे फोटो वरातीनंतर दिसतात आणि सगळा क्रम बिघडतो. समोर बसून घ्यायचे असतील तर अँड्रॉइडवर क्विक शेअर, आयफोनवर एअरड्रॉप. माणूस लांब असेल तर गूगल ड्राइव्हचं फोल्डर. आणि व्हॉट्सअ‍ॅपशिवाय पर्यायच नसेल, तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. तसा पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी येते.

सगळे फोटो आले की एकही डिलीट करण्याआधी पूर्ण कॉपी पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर काढा. ओटीजी पेनड्राइव्ह थेट फोनला लागतो, लॅपटॉपची गरज नाही. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात भलेभले फसतात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो तुम्ही डिलीट केलात, तर तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडमधूनही. "क्लाउडवर आहे ना, मग फोनमधला उडवतो" हे तिथे चालत नाही. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर 'फ्री अप स्पेस' हा वेगळा पर्याय आहे. चुकून डिलीट झालंच, तर बॅकअप झालेला फोटो बिनमध्ये ६० दिवस राहतो आणि बॅकअप न झालेला ३० दिवस. त्यानंतर विषय संपला.

आणि क्लाउडच्या भरवशावर किती राहायचं तेही बघा. गूगल फोटोजचं अमर्याद फुकट स्टोरेज १ जून २०२१ पासून बंद झालं. आता १५ जीबी मिळतात, त्यातच जीमेल आणि ड्राइव्हसुद्धा. एक फोटो सरासरी ४ एमबीचा धरला तर २,८०० फोटो म्हणजे जवळपास ११ जीबी. व्हिडिओ अजून मोजलेलेच नाहीत.

काढायचे नाही, ठेवायचे शोधा

बहुतेक जण वाईट फोटो शोधून डिलीट करत जातात. त्यात प्रत्येक फोटोपाशी थांबावं लागतं, कारण प्रत्येकात काहीतरी बरं दिसतंच. उलटं करा. आवडला त्याला 'फेव्हरिट'ची खूण करा, बाकीच्यांना हात लावू नका, पुढे सरका. एका फोटोला तीन सेकंद. २,८०० फोटोंना ८,४०० सेकंद, म्हणजे दोन तास वीस मिनिटं. मी ती दोन बैठकांत विभागली, कारण तासाभरानंतर डोळ्यांना सगळं सारखंच दिसायला लागतं.

गूगल फोटोज आणि आयफोनची गॅलरी, दोन्हीकडे ही खूण करता येते. लाइटरूमच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये निवडीसाठी स्टार आणि झेंडे आहेत. तिथल्या काही सोयी पैसे भरूनच मिळतात, पण निवडीसाठी त्यांची गरज नाही.

पहिल्या फेरीत माझ्याकडे सातशे उरले. दुसऱ्या फेरीत एकेक प्रसंग घेतला: अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी, सूनमुख, पंगत. एकाच क्षणाचे आठ फोटो असतील तर त्यातला एक ठेवायचा, फार तर दोन. ग्रुप फोटोत चेहरे झूम करून बघा, आणि सुरुवात लहान मुलांपासून करा. मोठी माणसं आठही फोटोंत तशीच उभी असतात, बिघडवतात ती मुलंच.

आता निवड करून देणारे एआय प्रोग्रॅमही आलेत. आफ्टरशूट, नॅरेटिव्ह सिलेक्ट ही त्यातली नावं, ती व्यावसायिक फोटोग्राफर कॉम्प्युटरवर वापरतात. फोकस चुकलेले, डोळे मिटलेले, एकसारखे फोटो ते झटकन वेगळे करतात. कल्पना चांगली आहे, पण आपल्या लग्नात डोळे मिटलेले असतात ते बरेचदा योग्य वेळी. अंतरपाटाच्या आड नवरी मान खाली घालून उभी असते. देवकाला नमस्कार करताना डोळे मिटतात. पाठवणीला तर उघडे डोळे शोधावे लागतील. अक्षता पडताना चेहऱ्यासमोर तांदूळ येतात आणि कॅमेऱ्याचा फोकस त्यांच्यावर जातो. यातला कुठला फोटो चुकलेला आणि कुठला आयुष्यभर जपायचा, हे घरातल्या माणसाला कळतं. मशीनने बाजूला काढलेले फोटो एकदा स्वतः बघितल्याशिवाय उडवू नका.

माणसांची यादी

तिसरी फेरी फोटोंची नाही, माणसांची. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. एका कागदावर दोन्हीकडच्या जवळच्या लोकांची नावं लिहा: आजी-आजोबा, आत्या, मामा-मामी, शेजारच्या काकू, स्वयंपाकघरात दोन दिवस राबलेली माणसं. मग निवडलेल्या फोटोंमध्ये प्रत्येक जण एकदा तरी नीट दिसतोय का ते बघा. माझ्या निवडीत आबा, म्हणजे बहिणीचे आजोबा, एकाही फोटोत धड नव्हते. ते दिवसभर मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसून होते, आणि आम्ही सगळे स्टेजकडे फोन करून.

इथे गूगल फोटोजमधली चेहऱ्यांवरून शोधायची सोय कामी येते. चेहऱ्यावर टॅप केलं की त्या माणसाचे सगळे फोटो समोर. आबांचे अकरा निघाले. त्यातल्या एकात नवरी वाकून नमस्कार करतेय आणि त्यांचा हात तिच्या डोक्यावर आहे. फोटो थोडा हललेला होता, पहिल्या फेरीत मागे राहिलेला. तो ठेवला. आबा ८४ वर्षांचे आहेत. पुढे कधी घरात "आबांचा एखादा बरा फोटो आहे का रे?" असं कुणी विचारलं, तर त्या वेळी शार्पनेस कोणी बघणार नाही.

एडिट फोटोचं नाही, उजेडाचं

शेवटी ३८० फोटो उरले. एकेकाला दोन मिनिटं दिली असती तर साडेबारा तासांच्या वर गेले असते. म्हणून फोटो प्रसंगावरून नाही, उजेडावरून वेगळे केले: अंगणातली सकाळची हळद, हॉलमधल्या ट्यूबलाइटखालचे विधी, रात्रीचं स्टेज, असे नऊ गट झाले. प्रत्येक गटातला एक फोटो निवांत दहा मिनिटं नीट केला आणि तेच एडिट बाकीच्यांना लावलं. आयफोनवर आयओएस १६ पासून एका फोटोचं एडिट कॉपी करून बाकीच्यांवर पेस्ट करता येतं. स्नॅपसीडमध्ये ते 'लूक' म्हणून सेव्ह होतं. ते अ‍ॅप गूगलचं आहे आणि फुकट आहे. मग प्रत्येक फोटोला फक्त पंधरा सेकंद द्यायचे: वाकडा असेल तर सरळ, गरज असेल तर क्रॉप. सगळं मिळून तीन तास.

क्रम म्हणाल तर आधी व्हाइट बॅलन्स, मग उजेड, रंग सगळ्यात शेवटी. हळदीत कॅमेरा हमखास गोंधळतो. समोर इतकं पिवळं दिसलं की त्याला वाटतं दिवाच पिवळा आहे, मग तो निळा वाढवतो आणि चेहरे राखाडी पडतात. यावर उपाय म्हणजे फोटोतली पांढरी वस्तू शोधून त्यावर ड्रॉपर टेकवायचा. अंतरपाटाचं कापड चालतं, कागदी प्लेट चालते. गांधी टोपीवर मात्र विश्वास ठेवू नका, तिला नीळ दिलेली असते. ती पांढरी धरली की अख्खा फोटो पिवळट होतो.

रंग बरोबर आलेत का हे ओळखायला आपल्याकडे सोपी खूण आहे. कुंकू लाल दिसतंय? चुडा हिरवा आहे? कुंकू केशरी आणि चुडा काळपट दिसत असेल, तर फिल्टर जास्त झालाय. शालूची जर पांढरीफटक पडली असेल तर हायलाइट्स खाली आणा. आणि स्टेजवरचे जांभळे एलईडी थेट चेहऱ्यावर असतील तर झगडत बसू नका. त्या उजेडात बाकीचे रंग मुळात नसतातच, ते परत आणणार कुठून? सरळ ब्लॅक अँड व्हाइट करा.

आता नाजूक विषय. मावशी शेजारी बसून बघत होती, म्हणाली, "अरे, तिला थोडी उजळ कर की." मी फक्त त्या फोटोचा उजेड थोडा वाढवला, त्वचेला हात लावला नाही. "हां, आता कशी छान दिसतेय!" चेहरा मांडवाच्या सावलीत होता, तिला खुपत होतं ते एवढंच. असं सांगणारे घरात बरेच असतात आणि बऱ्याचदा त्यांना उजेडच हवा असतो. खरंच गोरं करून हवं असेल, तर नाही म्हणा. ब्यूटी फिल्टरने एका पानावर नवरी वेगळी आणि समोरच्या पानावर वेगळी दिसते, आणि बाजूला उभी असलेली तिची आई कुणी तिसरीच वाटते. तसंच मॅजिक इरेझरचं. पाण्याची बाटली, प्लॅस्टिकची खुर्ची खुशाल पुसा. माणूस पुसू नका, तो कुणाचा तरी काका असतो.

फोटोग्राफरचा अल्बम का अडकतो?

बहुतेक फोटोग्राफर पेनड्राइव्ह देतात आणि "अल्बमसाठी दीडशे नंबर कळवा" म्हणतात. इथे गाडी महिनोन् महिने थांबते, आणि दोष फोटोग्राफरला जातो. वरच्याच तीन फेऱ्या तिथेही करा, फक्त फाइलचं नाव बदलू नका आणि स्क्रीनशॉट पाठवू नका. त्यांना मूळ नंबरच लागतो. नंबरांची एक यादी, एकाच माणसाकडून. चार जणांनी चार याद्या पाठवल्या की पुन्हा पहिल्यापासून.

स्वतःच्या फोनमधले फोटो छापायचे असतील तर आकार तपासा. चांगल्या छपाईला एका इंचाला ३०० पिक्सेल धरतात. ४,०००×३,००० चा मूळ फोटो १३ बाय १० इंचांपर्यंत आरामात छापता येतो. तोच व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून १,६००×१,२०० झाला असेल, तर ५ बाय ४ च्या पुढे गेला की फुटायला लागतो.

निवडलेल्या ३८० फोटोंची लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली आणि मूळ फाइल्सचे दोन पेनड्राइव्ह केले, एक मावशीकडे आणि एक बहिणीच्या सासरी. उरलेले दोन हजार चारशे 'उरलेले' नावाच्या फोल्डरमध्ये हार्ड डिस्कवर आहेत. ते उघडतायत आणि नीट दिसतायत हे तपासून मगच फोनमधून काढले.