अर्ध्या अंशाची चूक

तसबिरीच्या चौकटीचे तीन कोपरे छान जुळतात आणि चौथ्यात फट राहते. बिचाऱ्या सुताराला बोल लागतो. पण दोष पुष्कळदा त्याच्या मायटर सॉचा असतो. चौकटीला आठ तिरके काप लागतात. प्रत्येकात अर्धा अंश चुकला, तरी शेवटच्या कोपऱ्यात चार अंश साठतात!

म्हणून यंत्रावरच्या आकड्यांवर विसंबू नका, गुण्या लावा. आधी प्लग काढा. गुण्याची एक बाजू मागच्या आधारपट्टीला आणि दुसरी पात्याच्या सपाट अंगाला टेकवा. दातांना नको, ते अंगापेक्षा जाड असतात. फट दिसली तर पट्टीचे स्क्रू सैल करून ती जुळवा. मग गुण्या बैठकीवर उभा धरून पात्याचा कलही तपासा.

आता समांतर कडांची फळी काटकोनात कापा. एक तुकडा उलटा करून दोन्ही काप सरळ पट्टीलगत भिडवा. दिसेल ती फट मूळ चुकीच्या दुप्पट असते, म्हणून चटकन नजरेत भरते.

आधारपट्टीपाशी साचलेला भुसा रोज झाडा. चिमूटभर भुशानेही फळी तिरकी बसते. कापलेले लाकूड पुन्हा वाढत नाही. त्याआधीची पाच मिनिटे गुण्याला द्या.