विद्यार्थ्यांचा शीण व आईबापांचे कर्तव्य

पार्से गावातून सकाळी निघणाऱ्या बसगाड्यांत आज कॉलेजला जाणारी मुलेमुली दिसतात. कोणी विर्नोडा येथील संत सोहिरोबानाथ आंबिये सरकारी महाविद्यालयात जातात, कोणी शापोरा नदी ओलांडून म्हापशास, तर कोणी थेट ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठापर्यंत. ज्या घरांत आजोबांनी काजूच्या बागेत आणि भातशेतीत आयुष्य वेचले, त्याच घरांतील नात आज पदवीधर होते, ही देवाची कृपाच होय.

परंतु याच मुलांपैकी काहींच्या तोंडून अलीकडे आम्हांस एक तक्रार वारंवार ऐकू येते: "फादर, आता काही वाचवतच नाही." पुस्तक समोर उघडे असते, डोळे ओळींवरून फिरतात, पण मनात काही उतरत नाही. रात्री झोप नाही, सकाळी उठवत नाही, आणि ज्या विषयाची गोडी होती त्याचाच वीट येतो. हे घरी सांगावे तर "आळस सोड" हे उत्तर ठरलेले! आळस निराळा आणि शीण निराळा, हे आईबापांच्या ध्यानी यावे म्हणून हा लेखप्रपंच.

समईतील तेल संपावे आणि नुसती वात जळत राहावी, तशी ही अवस्था आहे. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी १९७४ साली, लोकसेवा करता करता गळून गेलेल्या कार्यकर्त्यांविषयी लिहिताना, तिला 'बर्नआउट' हे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तिची तीन लक्षणे सांगितली: सर्व शक्ती आटून जाणे, कामाविषयी मन विटणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. संघटनेने हे वर्णन नोकरीधंद्यापुरते केले आहे. तथापि अभ्यास हेच ज्याचे काम, त्याच्या ठायीही हीच लक्षणे दिसून येतात. आळशी मुलाला कामाची चाड नसते व रिकामपण त्यास गोड लागते. शिणलेल्या मुलाला चाड असते, बळ नसते. म्हणूनच सुटीच्या दिवशीही त्याच्या जिवाला स्वस्थता मिळत नाही.

पवित्र शास्त्रात एलिया संदेष्ट्याची कथा आहे. देवाचे कार्य करून थकलेला हा महापुरुष रानात एका झुडपाखाली बसला आणि त्याने मरण मागितले. देवाने त्यास दटावले काय? नाही. त्यास झोप लागली. देवदूताने त्यास उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले. तो पुन्हा निजला, पुन्हा जेवला, आणि मग चाळीस दिवसांची वाट चालून होरेब डोंगरास पोहोचला. भाकर आधी आली, देवाची वाणी नंतर. तेराव्या शतकातील महापंडित संत थॉमस अक्वायनस यांनीही दुःखावर जे उपाय सांगितले, त्यांत सत्याच्या चिंतनासह मित्रांची सहानुभूती, मोकळेपणी रडणे, एवढेच नव्हे तर झोप व स्नान यांचाही समावेश आहे. शरीराकडे दुर्लक्ष करणे म्हणजे धार्मिकता नव्हे.

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातही बोध घेण्याजोगी उदाहरणे आहेत. न्यायमूर्ती रानडे हे मुंबई विद्यापीठाच्या १८६२ सालच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. पण अतिवाचनाने विद्यार्थीदशेतच त्यांच्या डोळ्यांस अपाय झाला. उलट, प्रकृतीने नाजूक असलेल्या लोकमान्य टिळकांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पहिले वर्ष बहुतांशी शरीर कमावण्यात घालवले, आणि पुढे ते बी. ए. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. वर्ष सोडून व्यायाम करा, असे आमचे सांगणे नाही. परंतु शरीर हेच विद्येचे पात्र आहे, हे विसरू नये.

आमच्या तरुण वाचकांस काही सूचना. रात्री निदान सात तास झोपा, आणि मोबाईल उशापासून दूर ठेवा. सत्राच्या शेवटी रात्री जागवण्यापेक्षा रोज थोडा अभ्यास करून ठेवा. बसच्या प्रवासाने आलेला थकवा हाही थकवाच आहे. घरी पोहोचताच पुस्तक न उघडता हातपाय धुऊन तासभर विसावा घ्या. रविवारी मिस्सेनंतर अर्धा दिवस तरी पुस्तक मिटलेले असावे. विश्रांतीचा दिवस देवानेच नेमून दिला आहे. अभ्यास फार मागे पडला असेल तर लपवू नका. एखाद्या विश्वासू शिक्षकास सांगा आणि कोणता भाग आधी हाती घ्यावा ते विचारा.

आईबापांस आमची विनंती ही, की मुलाची तुलना लंडनला किंवा आखातात गेलेल्या शेजाऱ्याच्या मुलाशी करू नका. जेवणाच्या पानावर फीच्या कर्जाचा विषय काढू नका. रात्री रोझरीनंतर सर्वांनी मिळून जेवा, आणि गुणांखेरीज दुसरेही काही विचारा. आम्हां धर्मगुरूंचेही कर्तव्य आहेच: परीक्षेच्या महिन्यात गायनवृंद, युवक मंडळ आणि फेस्ताची तयारी यांचा भार त्याच चार मुलांच्या खांद्यांवर टाकणे योग्य नव्हे.

मात्र शीण विसाव्याने उतरत नसेल, मूल दोन-दोन आठवडे खिन्न राहत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर ते बोलणे कधीही थट्टेवारी नेऊ नका. त्यास एकटे सोडू नका. ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. बांबोळी येथे मनोविकारांवर उपचार करणारी सरकारी संस्था आहे. शिवाय केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य, मराठीतून बोलता येते. ताप आला असता आपण प्रार्थनाही करतो आणि औषधही घेतो. मनाच्या आजारातही तसेच करावे. त्यात श्रद्धेची उणीव नाही, की घराण्याची अप्रतिष्ठा नाही.

राहिलेला पेपर पुढच्या सत्रात पुन्हा देता येतो. तेव्हा आज संध्याकाळी मूल घरी परतले, की निकालाची चौकशी करण्यापूर्वी त्याच्यापुढे ताट मांडा, आणि ते काय सांगते ते शेवटपर्यंत ऐकून घ्या. पवित्र मारिया, आमची आई, आपल्या सर्व विद्यार्थ्यांस आपल्या पदराखाली सांभाळो!