ताण आणि तहान : कमी पावसाच्या मुलखातला पेरू

पेरू हे फळ पेरू देशातून आले, म्हणून त्याचे नाव पेरू, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. प्रत्यक्षात हे झाड अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातले. ते आपल्याकडे पोर्तुगीजांच्या काळात आले आणि नासपतीला असलेल्या 'पेरा' या पोर्तुगीज शब्दावरून त्याचे नाव पडले. गोव्यात कोकणीत त्याला आजही 'पेर' म्हणतात. हिंदीतल्या 'अमरूद' या शब्दाचा मूळ फारसी अर्थही नासपतीच. पाहुण्या फळाला दोन भाषांनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन एकच ओळखीचे नाव दिले.

हा पाहुणा महाराष्ट्रात सर्वाधिक रमला तो पर्जन्यछायेच्या प्रदेशात. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस आणि उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर जाणारा पारा, अशा अहिल्यानगर जिल्ह्यातले राहाता पेरूसाठी प्रसिद्ध आहे. आपल्या बागांत दीर्घकाळ राज्य केलेला 'सरदार' हा वाणही या कोरड्या पठाराच्या कडेचाच. पुण्याच्या गणेशखिंड येथे डॉ. चीमा यांनी लखनौच्या बियांपासून वाढवलेल्या रोपांतून १९२७ मध्ये तो निवडला. म्हणून त्याचे जुने नाव 'लखनौ-४९'.

उन्हात हे झाड टिकते कसे? पाणी संपत आले की पेरू पाने पिवळी करून गाळतो, वाढ थांबवतो आणि वाट पाहतो. मोठे झाड सहसा मरत नाही. मात्र अन्नपाणी शोषणारी त्याची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या थरात असतात. उन्हाने तापतो तोही हाच थर. म्हणून बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचे किंवा भुशाचे आच्छादन लागते. लहान रोपांना पहिले दोन उन्हाळे सावली आणि नियमित पाणी द्यावेच लागते. उलट, भारी जमिनीत पाणी साचू दिले, तर मर रोग उभे झाड नेतो. पेरूला तहानेपेक्षा दलदलीचे भय अधिक.

पण झाड जगणे वेगळे आणि फळणे वेगळे. पेरूची फुले नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यात येतात. पाणी सतत मिळाले तर झाड वर्षभर थोडेथोडे फुटते, थोडेथोडे फळते आणि बाजारात नेण्याजोगा माल एकदम कधीच येत नाही. यावर बागाईतदारांचा उपाय म्हणजे बहार धरणे. त्यासाठी पाणी तोडून झाडाला ताण देतात. वाढ थांबली, तरी पाने काही काळ अन्न तयार करत राहतात. ते फांद्यांत साठते. मग पाणी दिले की सगळे झाड एकदम फुटते आणि फुलते. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिन्याचा ताण पुरतो. काळ्या जमिनीत ओल टिकून राहते, म्हणून दोन महिनेही लागतात. ताण मोडताना पहिले पाणी हलके द्यायचे. तहानलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी दिले, तर फुले गळतात.

बहार तीन. आंबे बहाराची फुले माघ-फाल्गुनाच्या सुमारास येतात आणि फळे पावसाळ्यात. ती पाणचट लागतात आणि त्यांत फळमाशीच्या अळ्या निघतात. हस्त बहाराची फुले ऑक्टोबरच्या आसपास, फळे उन्हाळ्याच्या तोंडाशी. मृग बहाराची फुले जून-जुलैत, फळे थंडीत. थंडीत फळ सावकाश पिकते, गोडी आणि वास भरतो, माशीही कमी असते.

कोरड्या मुलखाला मृग बहार मानवतो, त्याचे कारण पाण्याच्या हिशेबात आहे. झाडाला तहान हवी असते ती एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे विहिरी तळाला जातात तेव्हाच. जे पाणी नसतेच, ते न देणे हीच मशागत ठरते. मेक्सिकोतल्या काल्व्हियो या पेरूच्या कोरड्या पट्ट्यातही बागाईतदार असेच पाणी तोडतात. त्याला ते 'काल्मेओ' म्हणतात, म्हणजे झाडाला शांत करणे. आपण ताण म्हणतो त्याला झाडाच्या मायदेशी शांतता म्हणतात.

मात्र ताण आणि दुष्काळ यांत फरक आहे. ताणाला शेवट ठरलेला असतो. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात लागते, पण पाऊस त्याच दिवशी येतो असे नाही. तो लांबला तर ताणावरची बाग तशीच वाळत राहते. २०१२-१३च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या मोसंबीच्या कित्येक बागा अशाच सरपणाला गेल्या. म्हणून ताण द्यायचा त्याने तो मोडण्यापुरते पाणी आधी राखून ठेवावे. बाग मोठी असेल आणि साठा थोडा, तर तेवढ्याच झाडांचा बहार धरावा आणि बाकीची नुसती जगवावीत.

आज ठिबक आणि शेततळ्यांमुळे दुसरी वाट खुली झाली आहे. घन लागवडीत फांद्या छाटूनच नवी फूट काढतात. तहानेचे काम कात्री करते आणि हंगाम सोडूनही फळ मिळते. पण छाटलेल्या झाडाला लगेच पाणी लागते, तेही भर उन्हाळ्यात. मृग बहार पाण्याच्या टंचाईशी जुळवून घेत होता. ही पद्धत त्याच महिन्यांत तळ्यातले पाणी मागते. भाव चांगला असेल, तर तो व्यवहार एका शेतकऱ्याला परवडतो. साऱ्या गावाने तोच केला, तर मे महिन्यात गावाच्या पाण्याचे काय, हा प्रश्न उरतो.

थंडीतल्या सकाळी हातगाडीवरच्या पेरूला तिखट-मीठ लावून घेताना एवढे आठवावे, की त्याची गोडी उन्हाळ्यात कुणीतरी हात आखडून राखलेल्या पाण्याची आहे.