न ठरलेल्या सामन्याचा सराव

महर्षी कर्व्यांचं चरित्र ज्यांनी वाचलंय, त्यांना जपानच्या महिला विद्यापीठाची ती पुस्तिका ठाऊक असणार. हाती आली तेव्हा ती बाजूला पडली होती. १९१५ च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षीय भाषण तयार करताना कर्व्यांनी ती पुन्हा काढली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात महिला विद्यापीठ उभं राहिलं. तोक्योच्या त्या संस्थेच्या स्थापना समितीचे अध्यक्ष होते ओकुमा शिगेनोबु. या ओकुमांचा माग काढत मी त्यांनी स्वतः १८८२ साली काढलेल्या संस्थेपाशी, म्हणजे वासेदा विद्यापीठापाशी पोचलो. तिथून जो बेसबॉलच्या मैदानात शिरलो, तो आजतागायत तिथेच आहे.

सामन्याच्या निकालापेक्षा त्याच्या आधीच्या आठवड्याची मला जास्त ओढ आहे. मैदान कोण आखतं, चेंडू कुठून येतात, प्रेक्षकांना कुठे बसवायचं यावर कोण कोणाशी भांडतं, हे मला कळायला हवं असतं. या दृष्टीनं वासेदा आणि केओ या दोन विद्यापीठांच्या लढतीसारखा दुसरा विषय माझ्या वाचनात आलेला नाही. केओ फुकुझावा युकिचींचं, वासेदा ओकुमांचं. दोन्ही खासगी, दोन्ही तोक्योतली, आणि एकमेकांवाचून दोघांचंही चालत नाही.

तोक्योच्या सहा विद्यापीठांची साखळी स्पर्धा वसंतात आणि शरदात अशी वर्षातून दोनदा होते. दोन संघ शनिवार-रविवारी समोरासमोर येतात. दोन सामने जिंकणाऱ्याला एक गुण. एक-एक अशी बरोबरी झाली तर सोमवारी तिसरा सामना. वासेदा-केओची जोडी हंगामाच्या अगदी शेवटच्या आठवड्यासाठी राखलेली असते. पिचरचे खांदे कसे वाटून वापरायचे, पहिल्या दिवशी हुकमी गडी उतरवायचा की दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचा, हे सगळे हिशेब या एका नियमातून निघतात. १९६० च्या शरदात हे हिशेब पार कोलमडले. रविवारी, ६ नोव्हेंबरला सुरू झालेली लढत वासेदानं दोन-एक अशी जिंकली, पण त्यामुळे गुणतक्त्यात दोन्ही संघ बरोबरीत आले. अजिंक्यपदासाठी जादा सामना ठेवला, तो अकरा डावांनंतर अनिर्णित. दुसरा ठेवला, तोही अनिर्णित. शेवटी शनिवारी, १२ तारखेला वासेदा ३-१ नं जिंकलं. या सहा सामन्यांपैकी पाच सामने वासेदाच्या आंदो मोतोहिरोनं एकट्यानं, पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत टाकले. एकूण ५६४ चेंडू. जपानमध्ये याचा गौरवानं उल्लेख होतो. मला तो आकडा वाचून आनंद होत नाही. विद्यार्थ्याच्या हाताला काही मर्यादा असते आणि ती जपणं हे प्रशिक्षकाचं काम आहे.

पण वासेदाची ही सवय जुनीच. तिचं मूळ पाहायला १९०३ सालात जावं लागतं.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात वासेदाच्या मुलांनी केओला पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. केओचा संघ १८८८ पासूनचा, वासेदाचा जेमतेम दोन वर्षांचा. पत्राची भाषा जुन्या वळणाची आणि कमालीची नम्र आहे. आपल्या क्लबाची भरभराट पाहून आनंद वाटतो, आमचा संघ अजून मागासलेला, खेळाडू पोरसवदा, तेव्हा लवकरच आम्हांला चार धडे द्यावेत, असा त्याचा आशय. वरकरणी ही विनंती. वाचणाऱ्यानं ते आव्हान म्हणूनच घ्यायचं होतं आणि केओनं तसंच घेतलं. २१ नोव्हेंबरला, शनिवारी, मिता इथल्या केओच्या मैदानावर सामना झाला. केओ ११-९ नं जिंकलं. पोरसवदा म्हणवणाऱ्यांनी नऊ धावा काढल्या होत्या!

वासेदाच्या संघामागे उभे होते प्राध्यापक आबे इसो. ख्रिस्ती, समाजवादी, युद्धाचे कट्टर विरोधक. तोक्योतल्या सगळ्या तगड्या संघांना हरवलंत तर तुम्हांला अमेरिकेला नेईन, असा शब्द त्यांनी मुलांना दिला. १९०४ मध्ये मुलांनी खरोखरच सगळ्यांना हरवलं. रशियाशी युद्ध चालू असताना १९०५ च्या वसंतात हा संघ बोटीनं निघाला. तिथे २६ सामने खेळले, ७ जिंकले. जवळपास सगळे सामने कोनो या एकट्या पिचरनं टाकले. आंदोची परंपरा इथूनची. सामन्याआधी अंग गरम करणं, बंटचे डावपेच, हातमोज्यांचा नीट वापर असं बरंच काही मुलं शिकून आली आणि संघनायक हाशिदोनं लगेच त्यावर पुस्तक लिहून टाकलं. ही उदार वृत्ती मला फार मोलाची वाटते: परदेशात शिकलेलं स्वतःपुरतं न ठेवता प्रतिस्पर्ध्यांच्याही हाती दिलं.

त्याच बोटीतून आणखी एक गोष्ट आली. अमेरिकन कॉलेजांची एका सुरातली सांघिक आरोळी. तिच्यामुळेच पुढचं रामायण घडलं.

१९०६ च्या शरदात तीन सामने ठरले. पहिला २८ ऑक्टोबरला, रविवारी, वासेदाच्या तोत्सुका मैदानावर. केओ २-१ नं जिंकलं. केओचे विद्यार्थी थेट ओकुमांच्या वाड्यासमोर गेले आणि बान्झायच्या आरोळ्या ठोकून आले. दुसरा सामना ३ नोव्हेंबरला, शनिवारी, केओच्या मैदानावर. वासेदा ३-० नं जिंकलं आणि वासेदाच्या मुलांनी फुकुझावांच्या घरासमोर जाऊन परतफेड केली. फुकुझावा १९०१ सालीच वारले होते. ज्यांनी जपानला शिकायला लावलं त्या माणसाच्या दारात असा धुडगूस घातला गेला, याचा केओला राग येणं स्वाभाविक होतं. पण सुरुवात त्यांच्याच मुलांनी केली होती, हेही खरं.

तिसरा सामना रविवारी, ११ नोव्हेंबरला. मधल्या आठवड्यात खेळाडू सराव करत होते आणि बाकी सगळे प्रेक्षकांच्या जागांवरून हुज्जत घालत होते. दोन्हीकडच्या पाठीराख्यांना किती जागा, कुठल्या बाजूला, यावर काही केल्या एकमत होईना. त्यात योशिओका नावाच्या पठ्ठ्याची भर. हा वासेदाच्या आरोळीदारांचा म्होरक्या, दाढीवाला, घसा असा की मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जावा. लोकांनी त्याला हुर्यो उडवणाऱ्यांचा सेनापती अशी पदवीच देऊन टाकली होती, आणि जनरल नोगींच्या जोडीनं त्याचं नाव घेतलं जाई. हा योशिओका म्हणे घोड्यावर बसून, फौज घेऊन मैदानात येणार! अफवाच ती, पण दोन्ही विद्यापीठांचे कारभारी हादरले आणि सामना ऐनवेळी रद्द झाला.

तो एक सामना रद्द झाला यात मला गैर वाटत नाही. मारामारी झाली असती, कदाचित कोणाचा जीवही गेला असता. पण त्यानंतर तब्बल १९ वर्षं ही दोन विद्यापीठं एकमेकांशी खेळली नाहीत, याला मी हट्टच म्हणेन. १९१४ साली मेइजी विद्यापीठाला धरून तिघांची साखळी सुरू झाली, तर तीतही वासेदा आणि केओ एकमेकांशी खेळायचे नाहीत. आपल्याकडे मुंबईच्या पंचरंगी क्रिकेटवर वाद पेटला, गांधीजींनीही १९४० मध्ये त्या सामन्यांविरुद्ध मत दिलं. तिथे निदान धर्मावरून संघ पाडण्याचा गंभीर प्रश्न होता. इथे दोन संस्थांच्या कारभाऱ्यांचा मानापमान होता आणि किंमत मोजली ती खेळाडूंनी.

अशांपैकीच एक तोबिता सुइशु. इबाराकी प्रांतातला, १८८६ चा जन्म. वासेदाचा संघनायक झाला, पण केओविरुद्ध एकदाही खेळू शकला नाही. त्याच्या वाट्याला आलं ते १९१० सालचं शिकागो विद्यापीठ. शिकागोच्या संघानं जपानात येऊन वासेदाला एकामागून एक सामन्यांत धूळ चारली आणि तोबितानं जबाबदारी घेऊन संघ सोडला. १९१९ मध्ये तो वासेदाचा प्रशिक्षक म्हणून परतला, तो शिकागोला हरवायचंच हे मनाशी धरून. त्याचा सराव ‘मरणाचा सराव’ म्हणून कुप्रसिद्ध होता. खेळाडू आडवा होईपर्यंत त्याच्याकडे चेंडू मारत राहायचं. प्रत्येक चेंडूत जीव ओतायचा. १९२५ च्या शरदात सगळंच एकदम जुळून आलं. तोक्यो विद्यापीठ सामील होऊन सहांची साखळी पुरी झाली. १९ ऑक्टोबरला वासेदा आणि केओ पुन्हा समोरासमोर आले, वासेदानं ११-० आणि दुसऱ्या दिवशी ७-१ अशी मात केली. त्याच मोसमात शिकागोही हरलं. तोबितानं पद सोडलं आणि पुढे तो वर्तमानपत्रात बेसबॉलवर लिहू लागला.

त्याच्या सरावाचा पुरस्कार मला करवत नाही. शरीर मोडून मन घडवायची ती भाषा पुढे लष्करानं जशीच्या तशी वापरली. तरीही ज्या एका सामन्यासाठी मी हा लेख लिहितो आहे, तो याच माणसाच्या हटवादीपणामुळे झाला.

मधल्या वर्षांत जिंगू स्टेडियम झालं, आकाशवाणीवर सामन्यांची वर्णनं गाजली, १९३३ साली केओच्या मिझुहारानं वासेदाच्या गर्दीत सफरचंदाचा गाभा भिरकावला म्हणून दंगल झाली. तेव्हापासून वासेदाचे पाठीराखे पहिल्या बेसच्या बाजूला आणि केओचे तिसऱ्या, ही वाटणी कायम झाली. १९०६ मध्ये जे जमलं नाही ते असं जमलं!

एप्रिल १९४३ मध्ये शिक्षण मंत्रालयानं साखळी बरखास्त करायला लावली. बेसबॉल हा शत्रूचा खेळ. केओची मुलं हळूहळू गावोगाव पांगली. तोत्सुकाला मात्र वासेदाची मुलं वसतिगृहात राहून रोज मैदानात उतरत होती. समोर प्रतिस्पर्धी नाही, वेळापत्रक नाही, अजिंक्यपद नाही. छप्पन्न वर्षांचा तोबिता तिथे होता. बोलावणं येईल त्या दिवसापर्यंत सराव चालू राहील, हे त्यानं ठरवून टाकलेलं.

सप्टेंबरच्या अखेरीस बोलावणं आलं. कला, कायदा, वाणिज्य अशा शाखांच्या विद्यार्थ्यांना मिळणारी लष्करी सेवेची सवलत संपली. जाण्याआधी एकदा वासेदाशी खेळू द्या, असं केओच्या खेळाडूंनी आपले अध्यक्ष कोइझुमी शिंझो यांना सांगितलं. कोइझुमी अर्थशास्त्रज्ञ, तरुणपणी टेनिसपटू. सरावानं अशक्य ते शक्य होतं, हे त्यांचं वचन केओच्या टेनिस कोर्टाशी आजही कोरलेलं आहे. त्यांचा एकुलता मुलगा आदल्याच वर्षी नौदलात मारला गेला होता. त्यांनी ताबडतोब होकार दिला.

अडलं ते वासेदाकडे. अध्यक्ष तानाका होझुमी तयार होईनात. गर्दी जमली आणि हवाई हल्ला झाला तर? मंत्रालयानं जाब विचारला तर? तानाकांची भीती मी समजू शकतो. हजारो मुलांची जबाबदारी त्यांच्यावर होती. पण त्याच मुलांना पाच दिवसांनी कुठे पाठवायचं याला त्यांची हरकत नव्हती, हे विसरता येत नाही. तोबितानं माघार घेतली नाही. जिंगू नको, गाजावाजा नको, सामना तोत्सुकाच्या आपल्याच मैदानावर होईल आणि जबाबदारी विद्यापीठाची नव्हे, क्लबाची, असं ठरलं.

१६ ऑक्टोबर १९४३, शनिवार. कोइझुमींना पाहुणे म्हणून नेटमागची जागा देऊ केली, ती त्यांनी नाकारली आणि ते केओच्या विद्यार्थ्यांत जाऊन बसले. वासेदा १०-१ नं जिंकलं. पांगलेल्या आणि घाईघाईनं गोळा झालेल्या संघाला रोजच्या सरावातल्या संघानं हरवलं, यात नवल नाही. तोबितानं दया दाखवायला हवी होती असंही मला वाटत नाही. पूर्ण ताकदीनं खेळणारा प्रतिस्पर्धी मिळावा, एवढ्यासाठीच तर केओची मुलं तिथे आली होती. सामना संपल्यावर दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या विद्यापीठाची गीतं गायिली. १९०६ साली ज्या कंठांच्या भीतीनं सामना रद्द झाला होता, त्यांच्याच पुढच्या पिढीचं हे गाणं. २१ तारखेला, भर पावसात, जिंगूशेजारच्या मैदानावर सैन्यात जाणाऱ्या विद्यार्थ्यांचं संचलन झालं. वासेदाच्या त्या संघातला कोंदो कियोशी एप्रिल १९४५ मध्ये ओकिनावाजवळ आत्मघाती विमानदलात मारला गेला. परत न आलेला तो एकटाच नव्हता.

या सगळ्यात एक नाव बाहेर फारसं कोणाला ठाऊक नाही: आइदा चोइची. वासेदा संघाचा विद्यार्थी-व्यवस्थापक. केओशी बोलणी, तोबिताचे निरोप, मैदानाची व्यवस्था, सगळं त्याच्या अंगावर. कातडं आणि रबर मिळेनासं झालेल्या त्या काळात त्यानं चेंडू आणि बॅटी मिळतील तिथून गोळा केल्या आणि स्वतः नौदलात जाण्याआधी जपून ठेवल्या. त्या सालात, पुढे खेळ होणार की नाही याची कसलीही खात्री नसताना, एका विद्यार्थ्यानं हे करावं! मला तोबिताच्या सगळ्या कडक सरावापेक्षा ही तयारी मोठी वाटते. तिच्यात कोणाचं अंग मोडलं नाही आणि तिचा उपयोग सगळ्यांना झाला.

१८ नोव्हेंबर १९४५ ला, युद्ध संपून तीन महिने झाले असताना, दोन्ही विद्यापीठांचे आजी-माजी खेळाडू जिंगूवर पुन्हा एकमेकांशी खेळले. स्टेडियम अमेरिकन सैन्याच्या ताब्यात होतं, शहर जळालेलं होतं, दुकानात चेंडू नव्हते. आइदाच्या साठ्यातलं सामान उपयोगी पडलं. पुढच्या वसंतात सहा विद्यापीठांची साखळी सुरू झाली ती मैदानं मिळतील तशी, प्रत्येक जोडीचा एकेकच सामना घेऊन. दोन विजयांना एक गुण, ही शनिवार-रविवारची रीत त्यानंतर परतली.